नव्वद मिनिटांचा हंगाम

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशेपानी वही आहे. २०२४-२५ या वर्षात आमच्या रग्बीच्या पोरांनी प्रत्यक्ष सामन्यात किती वेळ काढला, ते मी त्यात लिहून ठेवलंय. सराव धरला नाही, प्रवास धरला नाही, उद्घाटनाची भाषणं तर नाहीच. फक्त शिट्टी ते शिट्टी. सात नंबरची जर्सी घालणाऱ्या मुलाच्या नावापुढची बेरीज अशी आहे: जिल्हा पातळीवर दोन सामने, पावसामुळे सात-सातऐवजी पाच-पाच मिनिटांचे डाव केले म्हणून २० मिनिटं. विभागाला दोन सामने, २८ मिनिटं. राज्याला तीन, ४२ मिनिटं. एकूण ९०.

फुटबॉलचा एक सामना नव्वद मिनिटांचा असतो. आमच्या पोराचा रग्बीचा अख्खा हंगाम तेवढाच.

शाळा वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठची. मी तिथं क्रीडाशिक्षक. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, आपल्या देशातली या खेळाची पहिली फ्रँचायझी लीग. नेमकं त्याच पंधरवड्यात बारावी झालेल्या आमच्या सात नंबरला ठरवायचं होतं, की पुण्यात कॉलेजला जाऊन रग्बी पुढं चालवायची की पोलीस भरतीच्या तयारीला लागायचं. म्हणून या दोन्ही गोष्टींचा हिशेब मी एकत्रच मांडतोय. लीग लहान की मोठी, चांगली की वाईट, यावर पुष्कळांनी लिहिलं. तालुक्याच्या मैदानावरून ती कशी दिसली, एवढंच मला सांगायचंय.

रग्बी आमच्याकडं आली कशी

खेळाच्या प्रेमापोटी आली नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या तालुक्यात कबड्डीचा संघ काढून तालुका पातळी पार करायची म्हणजे दिव्य आहे. गल्लीगल्लीत मंडळं आहेत, प्रत्येक शाळेत दोन-चार पोरं घरातूनच पकडी शिकून येतात. प्रो कबड्डीच्या २०१४ च्या पहिल्या हंगामात दिल्लीकडून खेळलेला काशिलिंग आडके आमच्याच भागातल्या कासेगावचा. त्या वर्षानंतर तर प्रत्येक पोराला आपण पुढचा काशिलिंग आहोत असं वाटायचं. अशा ठिकाणी साध्या शाळेचा संघ दुसऱ्या फेरीतच घरी येतो.

रग्बीत तसं नव्हतं. आम्ही उतरलो तेव्हा आमच्या गटात जिल्ह्याला मोजून चार संघ. दोन सामने जिंकले की विभाग, तिथं नशीब असलं की राज्य. राज्य म्हणजे दहावी-बारावीचे क्रीडा गुण, आणि पुढं कधीतरी सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा. मुख्याध्यापकांना मी हेच सांगितलं आणि त्यांनी दोन चेंडूंच्या खर्चाला मान्यता दिली. गावोगावच्या अनेक रग्बी संघांचा जन्म असाच झालाय. त्यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही, पण हा पाया आहे हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

संघ कबड्डीच्या पोरांतूनच निवडला. दम होता, वाकून पळायची सवय होती, अंगाला माती लागायची भीती नव्हती. पहिल्या आठवड्यात मी खूश होतो. दुसऱ्या आठवड्यात खरी अडचण कळली.

कबड्डीत धरलं की सोडायचं नाही. चढाई करणाऱ्याचा घोटा हातात आला, की पंच शिट्टी मारेपर्यंत जीव गेला तरी पकड ढिली करायची नाही. रग्बीत बरोबर उलटं. गडी पाडेपर्यंत धरायचा आणि तो जमिनीला टेकला, की ताबडतोब सोडून बाजूला व्हायचं. नाही सोडला, तर पेनल्टी. शिवाय कबड्डीतला डॅश, म्हणजे खांद्याच्या धक्क्यानं गडी बाहेर काढणं, तो इथं फाऊल. दोन्ही हात गुंडाळून धरायलाच हवं. आमच्या कबड्डीत कॉर्नर सांभाळणाऱ्या पोरानं पहिल्याच सराव सामन्यात असा एक झकास डॅश मारला, की कबड्डीत टाळ्या पडल्या असत्या. इथं पिवळं कार्ड, दोन मिनिटं बाहेर. आम्ही खेळतो ती सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी. तिचा डावच सात मिनिटांचा, त्यात दोन मिनिटं सहा जणांनी खेळायचं.

मैदानाच्या कडेला एक आबा रोज बसायचे. जुने कबड्डीपटू, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. पोरानं गडी पाडला की आबा ओरडायचे, "सोडू नगंस! दाब! दाब त्येला!" मी इकडून ओरडायचो, "सोड! उठ!" पोरगं बिचारं मान वर करून दोघांकडं बघायचं, तेवढ्यात चेंडू निघून गेलेला असायचा. ही सवय मोडायला मला दीड वर्ष लागलं. कारण साधं आहे. सरावात सांगून हात सुटत नाही, तो सामन्यात पेनल्टी बसल्यावर सुटतो. आणि सामनेच नव्हते.

उलट कबड्डीचं बघा. दिवाळीपासून यात्रांच्या हंगामापर्यंत हीच पोरं गावोगाव उजेडाच्या सामन्यांना जातात. एका रात्रीत दोन सामने झाले तरी तास-सव्वा तास अंगावर खेळ पडतो. म्हणजे रग्बीच्या वर्षभराच्या खेळाच्या जवळपास जाणारा खेळ एका रात्रीत.

लीग बघताना

१५ जूनला लीग सुरू झाली. शाळाही त्याच दिवसांत उघडते, त्यामुळं मी वह्या-पुस्तकांच्या वाटपात अडकलेलो. संध्याकाळी एका मोबाइलभोवती आठ पोरं. अंधेरीच्या क्रीडासंकुलात सगळे सामने, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कलिंगा आणि मुंबई असे सहा संघ, दोन आठवड्यांत ३४ सामने. २९ जूनला चेन्नई बुल्सनं अंतिम सामन्यात दिल्ली रेड्झला ४१-० असं धुतलं. लीग चालवणारी जीएमआर ही कंपनी कबड्डीतल्या यूपी योद्धाज संघाचीही मालक आहे आणि खो-खोच्या लीगमध्येही तिचा संघ आहे. म्हणजे देशी खेळ टीव्हीवर कसा मांडायचा, हे ठाऊक असलेली मंडळी. मांडणीत खोट काढायला जागा नव्हती.

आमचा सात नंबर पहिल्या दिवशी फक्त पास बघत होता. "सर, हे बघत बी न्हाईत वो. मागं माणूस हाय, हे ह्यांला कसं कळतं?" मी म्हटलं, हजार वेळा दिलेला पास आहे तो. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी आजवर कुठल्या प्रमाणपत्र वाटपात बघितलं नव्हतं. लीगची ही बाजू मी शंभर टक्के मान्य करतो. त्या पंधरा दिवसांत पोरांनी रग्बीचे जेवढे सामने डोळ्यांनी बघितले, तेवढे आधीच्या तीन वर्षांत बघितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं दुसरा प्रश्न विचारला. "ह्यात आपली किती?"

मोजायला बसलो. प्रत्येक संघात परदेशी खेळाडू जास्त, भारतीय मोजके. सहा संघांचे भारतीय मिळून तीसेक. लिलावात सगळ्यात महाग गेलेला भारतीय खेळाडू मोहित खत्री, बोली ४.७५ लाख रुपये. तुलना करायची तर २०१४ च्या कबड्डी लिलावात राकेश कुमार १२.८० लाखांना गेला होता आणि चारच वर्षांत मोनू गोयतची बोली १.५१ कोटींवर पोचली. नवीन लीगचे पहिले आकडे लहान असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कबड्डीचा आकडा चार वर्षांत असा उडाला, त्याला फक्त टीव्ही कारण नव्हता. लीग यायच्या आधी कित्येक दशकं रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या कबड्डीपटूंना नोकरीवर घेत होत्या. गावचं मंडळ, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, मग नोकरी, अशी शिडी उभी होती. लीगनं तिच्या वरच्या टोकाला दिवा लावला. रग्बीत दिवा आधी लागला आणि शिडीच्या मधल्या पायऱ्या अजून बसवायच्या आहेत.

बाहेरचे दाखले, आपल्या कामापुरते

जगात रग्बी युनियन, म्हणजे आपण जिला नुसतं रग्बी म्हणतो ती, अधिकृतपणे व्यावसायिक झाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये. त्याआधी खेळायचे पैसे घेणं हाच गुन्हा होता. कामाचा दिवस बुडाला तर मजुरी भरून द्या, एवढ्या मागणीवरून १८९५ साली उत्तर इंग्लंडातले क्लब फुटून निघाले आणि 'रग्बी लीग' नावाचा वेगळाच खेळ झाला. आपल्या भागात ज्यानं भांगलणीचा रोज बुडवून पोराला स्पर्धेला पाठवलंय, त्याला हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही.

इंग्लंडात क्लब जुने, प्रेक्षक जुने, तरी व्यावसायिक झाल्यावर खर्च उत्पन्नाच्या पुढं पळाला. २०२२ मध्ये वुस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, असे तीन क्लब पैशापायी वरच्या लीगमधून गेले. अमेरिकेत २०१६ मध्ये पाच संघांची एक व्यावसायिक लीग निघाली आणि एकाच हंगामात बंद पडली. २०१८ मध्ये दुसरी आली, ती टिकली, पण तिच्यातलेही संघ उघडत-मिटत राहिले.

मला जास्त जवळचं वाटतं ते जपान. तिथं तोशिबा, सनटोरी, पॅनासॉनिक अशा कंपन्यांचे संघ. बरेच खेळाडू दिवसा कंपनीत कामाला आणि संध्याकाळी मैदानावर. २००३ मध्ये त्यांची टॉप लीग झाली, २०२२ पासून तिच्या जागी तीन विभागांची लीग वन आली. म्हणजे आधी पगार, मग लीग, मग तिच्यात पायऱ्या. आमच्याकडं साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन दिलं, त्यातून तालमी टिकल्या. हे जपानी माणसाला सांगितलं तर त्याला लगेच कळेल.

आणि फिजी. नऊ-साडेनऊ लाख लोकवस्तीचा देश. ऑलिंपिकमध्ये २०१६ ला रिओत आणि २०२१ ला टोकियोत सेव्हन्सचं सुवर्णपदक. तेव्हा त्यांच्याकडं पैशाची मोठी लीग नव्हती. गावोगावच्या सेव्हन्स स्पर्धा होत्या. आपल्या यात्रेतल्या कुस्त्यांसारख्या, उजेडाच्या कबड्डीसारख्या. फ्रान्सनं २०२४ ला पॅरिसमध्ये त्यांना हरवलं खरं, पण फ्रान्सची वरची लीग, तिच्याखालची दुसरी, त्याखाली शेकडो क्लब, असा डोलारा आहे. शिवाय देशातल्या अकादमींत तयार झालेले ठराविक खेळाडू संघात ठेवायचा नियमही तिथं आहे.

एक गंमत आपल्या देशातली. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि पाच वर्षांत मोडला. खेळणारी पलटण बदलून गेली, समोर उभं राहायला संघ उरेनात, टेनिस आणि पोलोकडं लोक वळले. क्लबातली फुकटची दारू बंद झाल्यावर उरलेलेही पांगले म्हणतात. मग त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ती वितळवून कप केला आणि इंग्लंडला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपसाठी आजही खेळतात. क्लबाकडं पैसा होता, खेळायला समोरचा संघ नव्हता. माझ्या वहीतली नव्वद मिनिटं मला त्याच जातीची वाटतात.

जाता जाता एक खुलासा, कारण पालक विचारतात. वर सांगितलेल्या इंग्लंड, फ्रान्स, जपानच्या लीग पंधरा-पंधराच्या, ८० मिनिटांच्या सामन्यांच्या. आपली लीग सात-सातची आणि झटपट. पंधराच्या खेळात स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे गडी एकमेकांत गुंतून रेटतात तेव्हा, पुढच्या फळीला मानेवर भार घ्यायचा असतो, ते न शिकवता पोरं उतरवणं म्हणजे गुन्हा आहे. शाळेला तीस पोरं, तयार प्रशिक्षक आणि हिरवळ जमेपर्यंत सेव्हन्सच बरी.

शाळेच्या खोलीत

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सात नंबर वडिलांना घेऊन आला. दीड एकर, त्यात ऊस, घरात धाकटी बहीण. आण्णा खुर्चीच्या टोकावर बसले. मी चहा मागवला.

"सर, टीव्हीवर लिलाव लागला म्हणत्यात. ह्येला किती मिळतील?"

"आण्णा, आत्ता काहीच नाही."

"आन् चार वर्सांनी?"

मी गप्प बसलो. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. मग माहीत असलेलं सांगितलं. लीग वर्षात दोन आठवड्यांची. त्यात भारतीय जागा तीसेक. त्या जागांवर पोचलेली पोरं देशाकडून, सैन्यदलाकडून किंवा ओडिशासारख्या ठिकाणी वसतिगृहात राहून बारमाही खेळलेली. पुण्याला गेला तर याला क्लब मिळेल, आठवड्याला सराव मिळेल, सामने इथल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतील. खोली, मेस, बूट मिळून महिन्याचा खर्च घरातून जाईल.

पोलीस भरतीचं गणित आण्णांना तोंडपाठ होतं. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मैदानाचे ५० गुण, लेखी १०० चे. गावातली सहा पोरं त्यातून लागलेली. पोराचं १६०० मीटर रग्बीनं सुधारलेलंच होतं.

पोरगं खिडकीबाहेर बघत होतं. शेवटी एवढंच म्हणालं, "सर, राज्याला मी बेचाळीस मिनिटं खेळलो. त्यात पहिली वीस नुसता घाबरलो व्हतो. जरा कळाय लागलं आन् स्पर्धा संपली."

मी भरतीचा सल्ला दिला. आजही देईन. पण ते वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यात लीगचा दोष थोडा आणि माझा जास्त आहे. तीन वर्षं मी संघ प्रमाणपत्रासाठी चालवला. ऑगस्टमध्ये जिल्हा जवळ आला की सराव, राज्य झालं की चेंडू कपाटात. मधल्या आठ महिन्यांत शेजारच्या शाळेला फोन करून, या रविवारी या आणि खेळून जा, असं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

प्रमाणपत्राची गोष्टही अर्धवटच आहे. कोणत्या पातळीचं पदक कोणत्या गटाच्या नोकरीला चालतं, याचे नियम आहेत, विभागीय पातळीवर पडताळणी असते, आणि बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आल्यापासून ती कडक झालीय. झाली ते बरंच झालं. पण आमच्या एका मुलाचा अर्ज एका कार्यालयात फक्त स्पर्धेच्या अहवालावर एक सही कमी म्हणून सात महिने पडून होता. त्या काळात भरतीची तारीख निघून गेली. तो आता शिरवळला कंपनीत आहे.

पावसातले रविवार

ऑगस्टमध्ये मी चार शाळांना फोन केले. तिघांनी हो म्हटलं, एकानं "बघू" म्हटलं. आपल्याकडं "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पण तो संघ आला, आणि हो म्हटलेल्यांपैकी एक आला नाही.

मैदान म्हणजे खोडवा काढून रिकामं ठेवलेलं वीसेक गुंठ्यांचं शेत. मापात कमी, पण पडलं तर कोपर सोलत नाही. शाळेच्या मुरमावर आम्ही टॅकल, म्हणजे गडी पाडणं, शिकवायचो तेव्हा संध्याकाळी पोरांच्या कोपरांना हळद लावणं हे माझंच काम होतं. वेळूचे दोन-दोन खांब आणि त्यांना आडवा बांधलेला एक, असे एच आकाराचे गोल. सुट्टीवर आलेला एक जवान पलटणीत रग्बी खेळलेला निघाला, त्यानं शिट्टी घेतली. डोक्याला मार लागला असा नुसता संशय आला तरी पोरगं बाहेर आणि त्या दिवशी परत आत नाही, हा नियम त्यानं पहिल्याच सामन्यात आमच्याच कप्तानावर लावला. कप्तान रडकुंडीला आला, मला बरं वाटलं.

सात नंबर आता सकाळी सहाला धावायला जातो आणि रविवारी आठला इथं येतो. आठवी-नववीच्या पोरांना पाडून सोडायला शिकवतो. आबाही येतात. पहिल्या रविवारी ते सवयीनं "सोडू नगंस!" ओरडले, तेव्हा त्यानं खेळ थांबवला, आबांपाशी गेला, उकिडवा बसला आणि दोन मिनिटं काहीतरी समजावलं. आबांनी मान हलवली. पुढच्या टॅकलला ते काहीच बोलले नाहीत, मग न राहवून म्हणाले, "सोडा म्हणत्यात, सोडा मग."

मुंबईच्या लीगकडं मला काही मागायचं झालं, तर पैसे नाही मागणार. एका संघानं सांगली-सातारा मिळून एक पट्टा घ्यावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर रविवारी कुठं ना कुठं सामने लावावेत. प्रत्येक रविवारी एक पंच आणि दोन चेंडू पाठवावेत. मुंबईत रग्बी पूर्वीपासून पावसात खेळली जाते, तिकडच्यांना चिखलाचं कौतुक सांगायला नको. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत शेतं आहेत, पोरं आहेत, कबड्डीनं तयार केलेली अंगं आहेत. हे पत्र मी लिहून ठेवलंय. पत्ता मिळाला की पाठवीन.

पहिल्या रविवारची नोंद वहीत आहे. चार संघ, प्रत्येकाचे तीन सामने, चौदा-चौदा मिनिटांचे. म्हणजे आमच्या प्रत्येक पोराला एका सकाळी ४२ मिनिटं. शेवटच्या सामन्यात आमच्या पोराचा कन्व्हर्जनचा, म्हणजे गोलावर मारायचा, ड्रॉप किक वेळूच्या वरून गेला आणि थेट शेजारच्या उसात पडला. ऊस दोन पुरुष उंच, आत पाणी सोडलेलं. दहा मिनिटं शोधलं, ती मी बेरजेतून वजा केली. मग दुसरा चेंडू काढला. पहिला आता तोडणी आल्यावरच सापडेल.